अरे, आवाज कुणाचा?

आपल्याकडे आवाजाला कुणी विचारत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. लग्न ठरवताना मुलगी ‘बघायला’ जातात. ऐकायला कुणी जात नाही, आणि मग पुढची चाळीस वर्षं दोघंही एकमेकांना ऐकत बसतात. नाटक आपण बघतो, सिनेमा बघतो, सर्कस बघतो. दुखणं घशाचं असलं तरी डॉक्टर ‘बघू’ असंच म्हणतात. खास ऐकायचं म्हणून एक कीर्तन तेवढं राखून ठेवलेलं होतं, तर तिथं माणसं झोपतात.

तेव्हा घरगुती व्हिडिओच्या बाबतीत आवाजाची हेळसांड होते, यात नवल काहीच नाही. नवल वाटतं ते हेळसांड करणाऱ्यांच्या आत्मविश्वासाचं. बारशाचा, मुंजीचा, साठीशांतीचा व्हिडिओ कॉम्प्युटरवर कापून, जोडून, वर ‘शुभाशीर्वाद’ वगैरे अक्षरं नाचवून तयार झाला, की तो ‘एक्सपोर्ट’ करावा लागतो. आम्ही बी. कॉम.ची माणसं. आमच्या लेखी एक्सपोर्ट म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, बिल ऑफ लेडिंग आणि परकीय चलन. इथं एक्सपोर्ट म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातली फिल्म एका फाइलच्या रूपानं बाहेर काढणं, म्हणजे ती टीव्हीवर लावून पाहुण्यांना घरी जाण्यापासून रोखता येतं. परकीय चलन मिळत नाही. फार तर पाहुणे एकमेकांकडे परक्यासारखं बघतात.

तर ह्या एक्सपोर्टच्या वेळी पडद्यावर एक खिडकी उघडते. तिच्यात चित्राबद्दल शंभर प्रश्न असतात आणि आवाजाबद्दल चार. कोडेक कुठला, सॅम्पल रेट किती, बिट रेट किती, चॅनल किती. बँकेत खातं उघडण्याच्या फॉर्मसारखीच ही खिडकी आहे आणि लोकही तिला अगदी तशीच वागणूक देतात. बावीस वर्षं काउंटरमागे बसून मी पाहतो आहे, फॉर्मवर मी पेन्सिलीनं जिथं फुली मारतो तिथं माणूस डोळे मिटून सही करतो. वर काय छापलंय, आपण खातं उघडतोय की दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहतोय, ह्याची चौकशी नाही.

आमच्या ताईचा मुलगा हिंजवडीला कॉम्प्युटरमध्येच आहे. मी त्या खिडकीपुढे चष्मा सारखा करत बसलो की तो म्हणतो, “मामा, कशाला वाचतोस? डीफॉल्ट ठेव आणि दे ठोकून.”

डीफॉल्ट! बँकेतल्या माणसाला हा शब्द ऐकवायचा म्हणजे वारकऱ्याला मटणाचा भाव विचारण्यासारखं आहे. आमच्याकडे डीफॉल्ट म्हणजे थकलेलं कर्ज. ज्या शब्दानं आमच्या रिजनल मॅनेजरांची रात्रीची झोप आणि सकाळची भूक दोन्ही जातात, तो शब्द ही मुलं जपमाळेसारखी ओढतात. आता न्यायानं बोलायचं तर आजकालच्या प्रोग्रॅममध्ये न विचारता ठरवून दिलेली सोय बहुधा एएसी नावाच्या फॉर्मॅटची असते आणि ती काही वाईट नसते. पण तो प्रोग्रॅम आधी कुणी वापरला असेल, तर त्याची निवडही पुष्कळदा तशीच चिकटून राहिलेली असते. पूर्वीच्या गिऱ्हाइकाच्या मापाचा सदरा शिंपी तुम्हाला देईल आणि तुम्ही तो ‘डीफॉल्ट’ म्हणून घालाल काय?

हे सगळं मी एवढ्या तावातावानं का सांगतो आहे, ते आता सांगतो. ताईचं लग्न डिसेंबर १९९४ मध्ये साताऱ्याला झालं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे व्हिडिओवाला आला. त्याच्या एका पोऱ्याच्या हातात डोळे दिपवणारा हॅलोजनचा दिवा होता, तो ज्याच्या तोंडावर पडेल तो माणूस गुन्हा कबूल केल्यासारखा दिसत असे. महिन्याभरानं तीन तासांची व्ही. एच. एस. कॅसेट घरी आली. आम्ही सगळे जेवणं आटोपून बसलो. ‘हम आपके हैं कौन’ हा चित्रपट त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लागला होता. कॅसेटमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याचीच गाणी होती. सीमांतपूजनाला गाणं, हळदीला गाणं, कन्यादानाला गाणं. वडील ताईच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी बोलतायत, ओठ हलतायत, आणि ऐकू येतायत लता मंगेशकर. लताबाईंबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे, पण त्या आमच्या लग्नाला आलेल्या नव्हत्या.

व्हिडिओवाल्याला विचारलं तर तो अभिमानानं म्हणाला, “मिक्सिंग केलंय साहेब. नुसता गोंगाट होता तो काढून टाकला.”

त्यानं गोंगाट म्हणून जे काढून टाकलं होतं त्यात आमची आजी होती. घाणा भरताना आजीनं मुसळाला हात लावून ओव्या म्हटल्या होत्या. चारेक मिनिटं. मग गूळ कुणी कमी आणला ह्यावरून तिचं आणि धाकट्या काकूचं वाजलं होतं, तेही त्यातच. आजी १९९७ साली गेली. तिचे फोटो आमच्याकडे बावन्न आहेत, मी मोजलेत. त्या बावन्नही फोटोंत तिचं तोंड मिटलेलं आहे, कारण पुढचे दोन दात नव्हते आणि तिला ते ठाऊक होतं. म्हणजे दिसायला आजी बावन्न वेळा आहे आणि ऐकायला एकदा.

ती एकदा तरी उरली ती आमच्या कोल्हापूरच्या मामांच्या चिकटपणामुळे. मामांनी व्हिडिओवाल्याला स्वच्छ सांगितलं होतं, “कोऱ्या कॅसेटचे पैसे आम्ही दिलेत. तुझं मिक्सिंग का फिक्सिंग झालं की आमचा माल आम्हाला परत.” त्यांचा विचार त्या कॅसेटवर दूरदर्शनची नाटकं टेप करण्याचा होता. सुदैवानं मामींना व्हिसीआर लावता येत नव्हता आणि मामांना बटणाची भीती वाटे. अशा रीतीनं लग्नाचं मूळ चित्रण, मूळ आवाजासकट, कोल्हापूरला माळ्यावर पितळी घंगाळात तीस वर्षं झोपून राहिलं.

गेल्या वर्षी ती कॅसेट निघाली. थोडी बुरशी धरली होती, ती पुसून एका दुकानदारानं कॉम्प्युटरवर उतरवायचं कबूल केलं. तो भला माणूस होता. चित्राबद्दल त्यानं माझ्याशी पाऊण तास चर्चा केली. रंग सुधारू का, पट्टे काढू का, चौकोनी चित्र ताणून रुंद करू का. (ताणू नका. चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणलं की माणसं बुटकी होतात आणि नवरदेवाच्या घरच्यांचा गैरसमज होतो.) शेवटी मी विचारलं, “आणि आवाज?”

“त्याचं काय?”

“कशात देणार?”

“एमपी-थ्री. एकशे अठ्ठावीस. साहेब, जुना आवाज आहे, खरखर किती आहे बघा. ह्याला कशाला जास्त? जागा वाया.”

आता ह्या वाक्यात जेवढे शब्द आहेत जवळजवळ तेवढ्याच चुका आहेत, आणि हे वाक्य हिंदुस्थानात रोज कुठल्या ना कुठल्या दुकानात बोललं जातं, म्हणून त्याची जरा झडती घेऊ.

आधी एमपी-थ्री. ही जर्मन लोकांची करामत. फ्राउनहोफर नावाच्या संस्थेतल्या आणि इतरही ठिकाणच्या मंडळींनी ती सिद्ध केली आणि तिच्या फाइलच्या नावाला ‘.एमपी-थ्री’ हे शेपूट १९९५ साली लागलं. तत्त्व असं, की मोठ्या आवाजाखाली लहान आवाज आपल्याला ऐकू येत नाही. स्वयंपाकघरात पातेलं पडलं, की त्या क्षणी शेजारची कुजबूज झाकली जाते. मग ऐकूच येत नाही ती कुजबूज साठवायची कशाला? टाका काढून! अशा रीतीनं आवाज दहाव्या-बाराव्या हिश्शात बसतो. युक्ती हुशारीची आहे, मी नाकारत नाही. गाणी खिशात घेऊन हिंडायला ती उत्तम होती. पण आमच्या घरात महत्त्वाचं बोलणं नेमकं पातेलं पडतानाच होतं, त्याला काय करणार? लग्नात तर लाउडस्पीकरवर सनई चालू असते आणि तिच्याखाली खरं लग्न चालू असतं. आता गोंगाटातून माणसाचं बोलणं वेगळं काढणारे प्रोग्रॅम निघालेत. सनई खाली दाबतात आणि काकू वर आणतात. पण एमपी-थ्रीनं काकूला ‘ऐकू न येणारी’ ठरवून आधीच हाकलली असेल, तर वर आणणार कुणाला?

आणि ह्यात एक गंमत आहे. हे तंत्र बसवत असताना त्या जर्मनांपैकी कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग ह्या गृहस्थांनी परीक्षेला म्हणून सुझान व्हेगा ह्या अमेरिकन गायिकेचं ‘टॉम्स डायनर’ हे गाणं घेतलं. ह्या गाण्याला साथ नाही, पेटी नाही, तबला नाही, नुसता एका बाईचा मोकळा आवाज. मोठमोठ्या वाद्यवृंदात जी लबाडी खपून जात होती ती ह्या एकट्या बाईच्या आवाजात उघडी पडली. पुन्हा पुन्हा ते गाणं लावून त्यांना आपलं गणित सुधारावं लागलं. म्हणजे ज्यांनी हे यंत्र बनवलं त्यांनाच सगळ्यांत अवघड काय गेलं, तर साथीशिवाय गाणारी एकटी बाई. आमच्या आजीच्या ओवीला तरी दुसरं काय होतं? मुसळाचा ठेका होता, तोही काकूच्या हातात गेल्यावर चुकत होता.

दुसरा मुद्दा खरखरीचा. आवाज आधीच गरीब आहे म्हणून त्याला कमी द्या, हा न्याय मी बँकेत पुष्कळ पाहिला आहे आणि मला तो तिथंही मान्य नाही. पण इथं तर तो हिशेबानंही चूक आहे. खरखर म्हणजे क्रमानुक्रम नसलेला आवाज, त्याला ठेका नाही की सूर नाही. असा आवाज दाबून बसवायला ह्या सगळ्या यंत्रांना सर्वांत जड जातं. त्यांचे निम्मे बिट त्या खरखरीच्या मागे धावण्यात खर्च होतात आणि आजीच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेला स्वच्छ आवाज १२८ किलोबिटांत एक वेळ संसार करील. खरखरीच्या आवाजाला जास्त द्यावं लागतं. आजारी माणसाला दूध जास्त देतात, कमी नाही.

आता जागा. इथं मात्र मी दुकानदाराला माझ्या मैदानात ओढलं. कागद घेतला आणि म्हटलं, मांडा. चित्राला तुम्ही सेकंदाला आठ मेगाबिट देताय. म्हणजे तासाला ३.६ जीबी, तीन तासांचे १०.८ जीबी. आवाजाला १२८ किलोबिट दिलेत तर तीन तासांचे १७३ एमबी. एएसी घेऊन २५६ दिलेत तर ३४६ एमबी. म्हणजे जवळजवळ अकरा हजारांच्या कार्यात तुम्ही एकशे त्र्याहत्तर रुपये वाचवले, आणि ते कुठे, तर अक्षतांत! बरं, काहीच न दाबता, पीसीएम म्हणतात तसा कच्चा आवाज ठेवला, ४८,००० चा सॅम्पल रेट, १६ बिट, दोन चॅनल, तर तासाला ६९१ एमबी. तीन तासांचे दोन जीबीच्या किंचित वर. चौघांनी मिसळ खाल्ली तर जे बिल होईल तेवढ्यात आज ह्याच्या कितीतरी पट जागेचा पेन ड्राइव्ह येतो.

दुकानदार म्हणाला, “साहेब, एवढं कुणी विचारत नाही.” मी म्हटलं, म्हणूनच विचारतोय.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, ह्या गृहस्थाला आवाजाचं वेड लागलेलं दिसतं. छे. वेड लागलेले आमचे साडू आहेत. त्यांच्या हॉलमध्ये पाच स्पीकर आहेत आणि सहावा सोफ्याजवळ खाली ठेवलेला आहे, तो नुसता घुमतो. त्यांच्याकडे चहा प्यायला गेलं की कप बशीत आपोआप वाजतो. कॅसेट निघाल्याचं कळल्यावर त्यांचा फोन आला, “चोवीस बिट, शहाण्णव हजार, आणि फाइव्ह पॉइंट वनशिवाय करू नका. कॉम्प्रोमाइज नको.”

साडूंशी भांडणं धोक्याचं असतं, कारण दोन्ही बाजूंचं वकीलपत्र एकाच घरात असतं. तरीही सत्य ते सांगितलंच पाहिजे. व्ही. एच. एस.च्या साध्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज जातो तो फितीच्या कडेच्या एका अरुंद पट्टीवर. आणि ती फीत चालते सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर. गाण्याची साधी ऑडिओ कॅसेटसुद्धा ४.७६ नं चालते, म्हणजे दुपटीहून जास्त. अशा मुंगीच्या चालीनं घेतलेल्या आवाजात दहा हजार हर्ट्झच्या वर नाव घेण्यासारखं काही राहत नाही. ४८,००० चा सॅम्पल रेट चोवीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज पकडतो. त्याच्यावर शहाण्णव हजार मागायचे म्हणजे वीस रुपये शिल्लक असलेल्या खात्याला मोठ्यातला लॉकर द्या म्हणण्यासारखं आहे. सोळा बिटांचा पल्ला शहाण्णव डेसिबलचा, आणि आमच्या कॅसेटची खरखर त्याच्या तळापासून चांगली दोन मजले वर राहते. चोवीस बिट घेतले तर ती खरखर फार अचूक नोंदवली जाईल, एवढंच.

राहता राहिलं फाइव्ह पॉइंट वन. कॅमेऱ्याच्या डोक्यावर माइक होता एक. त्या एका माइकचा आवाज सहा स्पीकरांना वाटून द्यायचा, तर प्रोग्रॅम तो अंदाजपंचे वाटणार. भटजी सोफ्यामागून, आजी मधून आणि मुसळ साडूंच्या त्या घुमणाऱ्या डब्यातून. नागपूरच्या आत्यानं तोच व्हिडिओ मोबाइलवर लावला, की ते सहाचे पुन्हा एक होणार आणि ह्या वाटावाटीत कधी कधी बोलणंच दबून जातं. एका माइकच्या आवाजाला दोन चॅनल पुष्कळ झाले.

अठ्ठेचाळीस हजारावरून आठवलं. त्या यादीत ४४,१०० असाही एक आकडा असतो आणि तो बघून माणसं बुचकळ्यात पडतात की हा सुट्ट्या पैशांचा आकडा आला कुठून. तो आला सीडीवरून, १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हा. पण सीडीकडे तो आला व्हिडिओ टेपवरून! तेव्हा डिजिटल आवाज व्हिडिओच्या यंत्रावरच साठवत. अमेरिकन-जपानी पद्धतीत चित्राच्या २४५ ओळी, सेकंदाला ६० वेळा, ओळीत ३ नमुने. गुणा. आपल्याकडच्या पद्धतीत २९४ ओळी, ५० वेळा, ३ नमुने. गुणा. दोन्हीकडून ४४,१००! ट्रायल बॅलन्स पहिल्या फटक्यात जुळावा तसा आनंद मला त्या दिवशी झाला. ‘हिला’ दाखवला तर ही म्हणाली, दूध उतू जातंय. असो. व्हिडिओसाठी मात्र ४८,०००च घ्यावा. कॅमेरे आणि बहुतेक मोबाइल त्याच मापात काम करतात, उगाच मधे दुसरं माप आणून मोडतोड कशाला?

साडूंचा शेवटचा बाण असा, की मग निदान ‘लॉसलेस’ तरी घ्या, फ्लॅक घ्या. फ्लॅक हा प्रकार २००१ पासून आहे आणि मला तो मनापासून आवडतो, कारण तो बँकेच्या रीतीनं चालतो. नोटांची गड्डी दाबायची, पट्टी लावायची. जागा कमी लागते आणि उघडून मोजली तर रक्कम तीच. एमपी-थ्रीवाले गड्डी जाड दिसते म्हणून मधल्या नोटा काढून घेतात आणि वर म्हणतात, दिसायला तेवढीच दिसते की नाही? पण फ्लॅक असो की पीसीएम, त्यातही एक मेख आहे. आत चांगलं असेल तरच त्यांचा उपयोग. आजकाल मोबाइलनं घेतलेल्या व्हिडिओचा आवाज बहुतेक वेळा मोबाइलनं आधीच एएसीमध्ये दाबलेला असतो. तो फ्लॅकमध्ये घालून साडू मला अभिमानानं दाखवतात. फाटकी नोट लॅमिनेट केल्यानं तिचा फाटलेला कोपरा परत येत नाही. अशा वेळी मोबाइलची मूळ फाइल आहे तशी, हात न लावता ठेवायची. त्याच्याहून चांगली प्रत ह्या जगात निघणार नाही.

हात न लावता! सगळा तंटा ह्या एका गोष्टीचा आहे, आणि कॉमर्सच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण आम्ही घसारा शिकलेले असतो. ‘रिटन डाउन व्हॅल्यू’ पद्धतीनं यंत्राची किंमत दर वर्षी घटते, मग उरलेल्यावर पुन्हा घटते. दाबलेल्या आवाजाचंही तेच. दुकानदार एमपी-थ्री करणार. भाचा त्यात नावं टाकून पुन्हा एक्सपोर्ट करणार, म्हणजे पुन्हा दाबणार. तो घरच्या ग्रुपवर टाकला की तिथं तिसऱ्यांदा दाबला जाणार. आत्या तो टीव्हीवर लावून मोबाइलनं टीव्हीचाच व्हिडिओ घेणार आणि तुमच्या मावसबहिणीला पाठवणार. मावसबहिणीपर्यंत पोचते ती आजी विहिरीच्या तळाशी बसून बोलते आणि तिच्या ‘स’ आणि ‘श’मधून पाण्याचे बुडबुडे निघतात. दर वेळी प्रत्येकानं डीफॉल्ट ठेवलेला असतो. एकाचाही काही दोष नसतो.

म्हणून माझं म्हणणं, आणि ते मी दुकानदाराकडून, भाच्याकडून आणि साडूंकडून लिहून घेतलं आहे, ते असं. जुन्या फितीवरून उतरवताना आवाज पीसीएममध्येच उतरवायचा, ४८,०००, १६ बिट. ही मूळ प्रत. बँकेत अस्सल दस्तऐवज आणि त्याची सत्यप्रत ह्यांत जो फरक आहे तोच इथं. अस्सल एमओव्हीच्या डब्यात ठेवा, तिथं पीसीएम सुखानं नांदतो. एमपी-फोरच्या डब्यात तोच घातला तर पुष्कळ टीव्ही चित्र दाखवतात आणि आवाजाच्या बाबतीत मौन पाळतात. (डबा आणि आतला खाऊ ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. एमपी-फोर हा डबा. एएसी, एमपी-थ्री हे आतले जिन्नस.) मग वाटायला म्हणून जी प्रत काढायची ती एमपी-फोरच्या डब्यात, एएसी, दोन चॅनल, २५६ किलोबिट. एएसी १९९७ पासून आहे, एमपी-थ्रीचा धाकटा आणि अधिक शिकलेला भाऊ. टीव्ही, मोबाइल, भाच्याचा लॅपटॉप, कुणीही त्याला ओळख विचारत नाही. डीव्हीडी काढायची असेल तर तिचा कारभार वेगळा, ती एएसी घेत नाही, तिला एसी-थ्री किंवा पीसीएम द्यावा लागतो. पण डीव्हीडी लावायचं यंत्र आता ज्यांच्याकडे चालू आहे अशी घरं मी बोटांवर मोजू शकतो. आणि पुढे काही दुरुस्ती करायची झाली तर ती सत्यप्रतीवर करायची नाही. अस्सल काढायचं, त्यावरून नवी प्रत करायची, अस्सल परत जागेवर.

आणि गाणं घालायचं नाही. सुरुवातीला नावं येतात तेवढ्यापुरतं घाला, मी कोर्टात जाणार नाही. पण माणसं बोलायला लागली की गाणं बंद. काका घोरतोय तर घोरू दे. गुळावरून भांडण चाललंय तर ते तर मुळीच कापायचं नाही.

भाच्यानं हे सगळं माझ्यापुढे बसून केलं. खिडकीतले चारही प्रश्न मी मोठ्यानं वाचले, त्यानं चारही उत्तरं भरली, शेवटी सही करायला जागाच नव्हती म्हणून मला जरा चुकल्यासारखं झालं. एक्सपोर्ट व्हायला तासभर लागला. मग त्यानं कानाला हेडफोन लावून घाण्याची जागा काढली. तो आजी गेल्यावर दोन वर्षांनी जन्मला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग हेडफोन काढून म्हणाला, “मामा, ही तर अगदी आईसारखी भांडते.” ताई स्वयंपाकघरात होती. ती तिथूनच म्हणाली, “कोण भांडतंय?” आवाजात तसूभरही फरक नव्हता.

अस्सलच्या दोन प्रती काढल्या आहेत. एक ताईकडे पुण्याला. दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायचा माझा विचार आहे, पण आमच्याच शाखेत लॉकरच्या वेटिंग लिस्टवर माझा सतरावा नंबर लागलाय. तोवर ती तूरडाळीच्या डब्यात आहे. डाळ संपत आली की ही मला आठवण करते.